मदत हवी आहे: मॅटाडोर कॅम्परमधलं टेबल बाहेर वापरायचंय, पत्र्याला भोक न पाडता

मंडळी, नमस्कार.

रत्नागिरीत आमच्याकडे आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेली जुनी मॅटाडोर आहे. आधीच्या मालकांनीच तिची कॅम्पर करून घेतली होती. मागे समोरासमोर दोन बाक, बाजूच्या दाराशी छोटा ओटा, बाकांच्या मध्ये टेबल. प्रश्न या टेबलाचा आहे.

तीन फूट बाय दोन फूट, १९ मिमी प्लाय, वर पिवळट सनमायका. एक कड गाडीच्या भिंतीवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत अडकते, दुसऱ्या टोकाला एकच घडीचा पाय. रात्री पाय दुमडायचा, टेबल खाली बाकांच्या कडेच्या पट्ट्यांवर ठेवायचं, वर गाद्या टाकल्या की झाला पलंग. करणाऱ्याने डोकं लावलंय.

पण आरे-वारेला किंवा वेळणेश्वरला जाऊन गाडीत बसून जेवतं कोण? सुरूच्या सावलीत गाडी लावली की चहा, मासे, पत्ते, सगळं बाहेरच. घडीचं प्लास्टिक टेबल विकत घ्या, हे कृपया सुचवू नका. ते ठेवायला जागा नाही, आणि घरात टेबल असताना दुसरं वागवत हिंडणं मला पटत नाही.

अडचण अशी की पत्र्याला बाहेरून भोक पाडायचं नाहीये. खाऱ्या हवेत रंगाखालचा पत्रा एकदा उघडा पडला की गंज कुठवर पसरेल सांगता येत नाही. टेबलाच्या खालच्या अंगाला मोठं काही कायमचं ठोकलं तर रात्री ते पट्ट्यांवर सपाट बसणार नाही. आणि पुळणीवर उभं राहिलं म्हणजे सड्यावरही राहील असं नाही. जांभ्याचा कातळ कुठे सपाट असतो?

डोक्यात दोन गोष्टी आहेत. एक, ओट्याच्या दाराकडच्या अंगाला (ते लाकूडच आहे) आतल्यासारखीच दुसरी पट्टी लावायची आणि टेबल दारातून बाहेर काढून तिथे अडकवायचं. दुसरी, टेबलाखाली कप बसवून निमुळत्या टोकाचा एकच पाइप लावायचा, बोटींच्या केबिनमध्ये असतो तसा. कोणी केलंय का? जाता जाता हेही विचारतो: प्लायची पुढची कड पाण्याने फुगलीय. ती वाचेल, की नवीनच फळी घेऊ?

प्रतिसाद १
दादा, पट्टी मारायच्या आधी टेप घेऊन खाली उतरा. आतलं टेबल गाडीच्या तळापासून सव्वादोन फुटांवर असेल. तळ स्वतः जमिनीपासून दीड फूट वर धरा. म्हणजे बाहेर बसलेल्या माणसाच्या नाकासमोर टेबल! उभ्याने वडापाव खायला ठीक, पण खुर्चीवर बसून भात कालवता येणार नाही. पट्टी खाली घ्यावी तर ओटा तिथे संपतो. शिवाय दार अडतं ते वेगळंच, आत ठेवलेलं मीठ आणायला कोण वाकून जाणार?

प्रतिसाद २
निमुळता पाइप आमच्याकडे होता. आत छान, वाळूत वैताग. कपात चार कण गेले की पाइप असा रुततो की लाकडी हातोडीने ठोकल्याशिवाय सुटत नाही. आणि तो उभा कशात करणार? खालचा कप गाडीच्या तळाला असतो, पुळणीला नव्हे.
सरळ दोन घडीच्या घोड्या करून घ्या. केटरिंगवाल्यांच्या टेबलाला असतात तशा, फक्त रुंदीने कमी. टेबलाखाली बोटभर जाडीचे चार लाकडी ठोकळे मारा, घोडीची वरची आडवी पट्टी त्यांच्यामध्ये बसेल आणि वाऱ्याने फळी सरकणार नाही. ठोकळे कडेपासून आत घ्या, म्हणजे बाकांच्या पट्ट्यांना लागणार नाहीत. वाळूसाठी घोडीच्या पायांना जमिनीलगत आडवी पट्टी हवीच, नुसते चार पाय भात वाढेपर्यंत आत जातात.

प्रतिसाद ३
प्लायबद्दल. फुगलेली कड दाबून पूर्ववत होत नाही, थर सुटलेले असतात. दोन-तीन इंच कापून टाकायला वाव असेल तर कापा, नाहीतर आयएस ७१० मानकाचा मरीन प्लाय (पाण्यात टिकणारा) आणा. पण मरीन प्लायच्या कडाही उघड्या ठेवू नका. कडांना इपॉक्सीचे दोन हात द्या, प्रत्येक स्क्रूच्या भोकातही सोडा. उन्हात नुसतं इपॉक्सी टिकत नाही, वरून रंग किंवा वॉर्निश लागतं. फायबरच्या होड्यांचं काम करणाऱ्यांकडे बहुधा पॉलिएस्टर रेझिन असतं. लाकडाला ते तितकंसं धरत नाही, तेव्हा मिरकरवाड्यात विचारलंत तर इपॉक्सीच म्हणून मागा.
स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, शक्यतो ३१६ ग्रेडचे (खाऱ्या हवेत कमी गंजतात). मात्र तुमची आडकपट्टी अ‍ॅल्युमिनियमची आहे. स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या ओलीत एकमेकांना लागले की अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी व्हायला लागते. मध्ये नायलॉनचा वायसर घाला, स्क्रू ग्रीसमध्ये बुडवून बसवा.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. टेप लावला. बाहेरून साडेतीन फुटांच्या वरच भरतंय, त्यामुळे पट्टी बाद. पाइपही बाद. घोड्यांचं नक्की. त्या दुमडून बाकाखाली उभ्या मावतात, हे पुठ्ठा कापून पाहिलं. सौ. म्हणतात फळीही नवीन घ्या, पण सनमायका तोच पिवळा हवा. तो कुठे मिळतो ते तुम्हीच सांगा!

एक शंका उरली. खालची आडवी पट्टी पुळणीवर बरोबर आहे, पण कातळावर तीच मधल्या उंचवट्यावर टेकून डुगडुगेल. पट्टीच्या दोन्ही टोकांना रबराचे जाड गुटके लावून मधला भाग बोटभर उचलला तर चालेल का? की एका घोडीला आडवी पट्टी आणि दुसरीला मधोमध एकच पाय, तिपाईच्या हिशेबाने? तिपाई डुगडुगत नाही हे खरं, पण कोपऱ्यावर कोणी कोपर टेकवलं की कालवण मांडीवर. सुतार शनिवारी येतोय, त्याआधी सांगा.