सिंगापूरहून क्रूझ : केबिनचे क्षेत्रफळ, मांडणी आणि जागा यांबाबत सल्ला हवा आहे

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. येत्या डिसेंबरात घरातली सहा माणसे मिळून सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझवर जायचे घाटत आहे. पेनांग आणि फुकेत करून जहाज परत सिंगापूरला येते. जहाज रॉयल कॅरिबियन या कंपनीच्या क्वांटम वर्गातले, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या जहाजांपैकी एक आहे. आम्ही दोघे, अकरा आणि सात वर्षांची मुले आणि माझे आईवडील असे जाणार आहोत. विमानाची तिकिटे आणि व्हिसा यांची मला काळजी नाही. घोडे अडले आहे ते केबिनवर.

आईचे वय ७१ आहे आणि तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत. घरात ती काठी घेऊन वावरते, बाहेर वॉकर लागतो. लहानपणी रत्नागिरीहून भाऊच्या धक्क्यावर येणाऱ्या आगबोटीत तिला फार बोट लागत असे आणि ती धास्ती अजून तिच्या मनातून गेलेली नाही. वडिलांना रात्री दोनतीनदा उठावे लागते. आमच्या एजंटने ‘बाल्कनीची केबिन १९८ चौरस फूट, आतली १६६ चौरस फूट, बाकी सगळ्या सारख्याच असतात, नंबर नंतर मिळेल’ एवढ्यावर विषय संपवला. मला हे पटलेले नाही. या आकड्यांवरून खोलीत प्रत्यक्ष किती मोकळी जागा उरते, नकाशावर नेमके काय पाहायचे आणि पैसे भरण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारायचे, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

मी ठाण्यात राहतो. चाळीस वर्षे घरांचे आराखडे काढण्याचे काम केले आणि निवृत्तीनंतर पत्नीसह पाच क्रूझ केल्या, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. थोडे सविस्तर लिहितो.

एजंटने दिलेले आकडे बरोबर आहेत. क्वांटम वर्गातल्या साध्या बाल्कनी केबिनचे क्षेत्रफळ १९८ चौरस फूट असते आणि बाल्कनीचे ५५ चौरस फूट वेगळे धरलेले असतात. समुद्राकडे नुसती खिडकी असलेली केबिन १८२ चौरस फुटांची, तर आतली १६६ चौरस फुटांची. परंतु या १९८ फुटांत न्हाणीघर, कपाटे आणि दारातला बोळ हे सगळे आले. शिवाय प्रत्येक कंपनीची मोजण्याची रीत निराळी असते. उदाहरणार्थ, प्रिन्सेस या कंपनीच्या जहाजांवर बाल्कनी केबिनचे क्षेत्रफळ बाल्कनी धरून सांगितलेले असते, त्यामुळे तिथला २२२ चा आकडा पाहून ती खोली क्वांटमपेक्षा मोठी आहे असे समजणारा माणूस फसतो. दोन जहाजांची तुलना करताना बाल्कनी धरली आहे की नाही, हा पहिला प्रश्न विचारावा.

आता मांडणीकडे येऊ, कारण आपल्या आईंच्या दृष्टीने खरा प्रश्न तिथेच आहे. बाल्कनी केबिन म्हणजे लांबट डबा असतो. रुंदी साधारण नऊ फूट धरली तर १९८ चौरस फुटांसाठी लांबी बावीस फूट येते. दारातून आत शिरले की एका बाजूला न्हाणीघर आणि दुसऱ्या बाजूला कपाट, मग पलंग आणि सोफा, आणि शेवटी बाल्कनीचे काचेचे दार. दोन पलंग जोडून केलेला मोठा पलंग सुमारे ७२ इंच रुंद आणि ८२ इंच लांब असतो आणि त्याची उशाकडची कड बाजूच्या भिंतीला टेकलेली असते. म्हणजे नऊ फुटांच्या रुंदीपैकी सहा फूट दहा इंच पलंगानेच घेतले; पायथ्याशी उरले दोन फूट दोन इंच. तेवढ्या फटीतून आपल्या वडिलांना रात्री अंधारात जावे लागेल की नाही, हे पलंग कोठे आहे यावर ठरते. काही केबिनमध्ये पलंग बाल्कनीच्या दाराशी असतो आणि सोफा कपाटाकडे, काहींत नेमके उलटे. पलंग कपाटाच्या बाजूला असेल तर पलंगावरून उठून न्हाणीघरापर्यंत चारपाच पावले पडतात. पलंग बाल्कनीकडे असेल तर पायथा ओलांडून, सोफ्याच्या कडेने यावे लागते आणि सोफ्याचा पलंग करून त्यावर नातू झोपला असेल तर ती वाट जवळजवळ बंदच होते. म्हणून आईवडिलांसाठी कपाटाशेजारी पलंग असलेलीच केबिन मागून घ्या आणि त्या खोलीत तिसरे माणूस ठेवू नका.

पुष्कळ जहाजांवर शेजारच्या दोन केबिनची मांडणी एकमेकींच्या उलट असते, एकीत पलंग आत तर दुसरीत बाहेर. यूट्यूबवर आपल्या केबिनशेजारच्या नंबरचा व्हिडिओ सापडला म्हणून खूश होऊ नये. एक दार सोडून पलीकडच्या केबिनचा शोधावा आणि तरीही कंपनीला फोन करून त्याच नंबरबद्दल खात्री करून घ्यावी. मी हा फोन दरवेळी करतो.

राहिला प्रश्न बोट लागण्याचा. जहाज पुढेमागे डोलते तेव्हा नाळ (जहाजाचे पुढचे टोक) आणि मागचे टोक सर्वांत जास्त वरखाली होते, मधला भाग सर्वांत कमी. जहाज कुशीवर कलते तेव्हा वरचे डेक जास्त झुलतात. त्यामुळे मधला भाग आणि शक्य तितका खालचा डेक हे सूत्र खरे आहे. मात्र आपल्या मार्गावर त्यासाठी जादा पैसे मोजण्याची गरज मला वाटत नाही. मलाक्काच्या सामुद्रधुनीला एका बाजूने मलाय द्वीपकल्पाचा आणि दुसऱ्या बाजूने सुमात्राचा आडोसा आहे, आणि डिसेंबरातल्या ईशान्य मोसमी वाऱ्यांचा जोर द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर असतो, जिकडे आपले जहाज जाणारच नाही. तीनशे सत्तेचाळीस मीटर लांबीचे हे जहाज आणि कोकणची आगबोट यांच्या डोलण्यात जमीनअस्मानाचा फरक आहे, हे आईंना आवर्जून सांगा.

दुसरा प्रतिसाद

वरच्या प्रतिसादात आवाजाचा मुद्दा आलेला नाही, तो माझ्या अनुभवातून सांगते. दोन वर्षांपूर्वी एका सहल कंपनीने आम्हाला दिलेली केबिन बऱ्याच वरच्या डेकवर होती आणि ‘वरचा मजला, उत्तम दृश्य’ म्हणून आम्ही त्यासाठी जास्त पैसे भरले होते. पहाटे पाचपासून डोक्यावर लोखंडी खुर्च्या ओढल्याचा आवाज सुरू झाला तो थांबेचना. वर जलतरण तलाव होता आणि कर्मचारी रोज त्या वेळी डेक धुऊन खुर्च्या मांडत असत. तिन्ही रात्री सासूबाईंची झोप झाली नाही.

क्वांटम वर्गात चौदाव्या डेकवर तलाव आणि विंडजॅमर हे बुफेचे मोठे दालन आहे, म्हणून तेराव्या डेकवरची केबिन घेताना तिच्या बरोबर वर काय आहे ते दोन्ही डेकचे नकाशे एकावर एक ठेवून पाहावे. नकाशांच्या प्रिंट काढून खिडकीच्या काचेवर धरल्या की सगळे स्वच्छ दिसते. खाली नाट्यगृह किंवा नाचगाण्याची जागा नाही ना, हेही तसेच पाहावे. ज्या केबिनच्या वर आणि खाली केबिनच आहेत, ती शांत. फुकेतला मोठी जहाजे पटाँगच्या किनाऱ्यासमोर नांगर टाकून उभी राहतात आणि नांगराची साखळी सुटतानाचा खडखडाट नाळेकडच्या केबिनमध्ये चांगलाच ऐकू येतो, त्यामुळे अगदी पुढच्या केबिनही टाळाव्यात. नकाशावर जिथे काहीच न लिहिलेला कोरा चौकोन दिसतो, तिथे बहुधा कर्मचाऱ्यांची कपडे आणि ट्रॉल्या ठेवण्याची खोली असते. तिच्या भिंतीला लागून असलेली केबिन घेऊ नये.

तिसरा प्रतिसाद

मी सिंगापूरमध्ये राहते आणि चाकाच्या खुर्चीत असलेल्या वडिलांना घेऊन याच वर्गाच्या जहाजावर दोनदा गेले आहे. धागाकर्त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की आईंसाठी सुलभ केबिन, म्हणजे अपंग प्रवाशांसाठी राखलेली केबिन, मिळते का ते आजच विचारावे. साध्या केबिनच्या न्हाणीघराचे दार अरुंद असते आणि त्याला उंबरठा असतो, तसाच उंबरठा बाल्कनीच्या दारालाही असतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय उचलून ओला उंबरठा ओलांडणे किती अवघड जाते, हे ज्यांच्या घरी घडले आहे त्यांना सांगायला नको. सुलभ केबिनचे दार किमान ३२ इंच रुंद असते, आत खुर्ची वळवण्यासाठी पाच फूट बाय पाच फूट मोकळी जागा असते, न्हाणीघराची जमीन सपाट असते, शॉवरखाली दुमडता येणारे आसन असते आणि भिंतीला धरायला दांडे असतात. या केबिन संख्येने थोड्या असतात आणि लवकर संपतात. त्यांच्यासाठी गरजेचा स्वतंत्र अर्ज भरून द्यावा लागतो आणि तो एजंटने भरला की नाही, हे स्वतः तपासावे.

दुसरे असे की लिफ्टपासूनचे अंतर मोजा. क्वांटम वर्गात लिफ्टचे दोन गट आहेत, एक पुढे आणि एक मागे. नकाशावर लिफ्टपासून आपल्या केबिनपर्यंत किती दारे येतात ती मोजून प्रत्येकी नऊदहा फूट धरले की अंदाज येतो. पंधरा दारे म्हणजे दीडशे फूट, आणि ते अंतर दिवसातून आठदहा वेळा.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. सुलभ केबिनचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता, कारण आई चाकाची खुर्ची वापरत नाही. आता आमच्या चौघांबद्दल विचारतो. आम्हा चौघांना एकच केबिन घ्यावी की दोन? एजंट म्हणतो की चार माणसांची केबिन केव्हाही मिळेल. आणि नंबर नंतर मिळणारी स्वस्त केबिन निदान आमच्यासाठी चालेल का?

पहिला प्रतिसाद देणारे

केव्हाही मिळेल, हे खरे नाही. जहाजावरच्या प्रत्येक केबिनला आणीबाणीत जमण्याचे एक ठिकाण आणि जीवनरक्षक नौका नेमून दिलेली असते आणि त्या नौकेची क्षमता ठरलेली असते. एखाद्या भागातल्या केबिनमध्ये आधीच तीनतीन, चारचार माणसे भरली गेली, तर बाकीच्या केबिन रिकाम्या असूनही त्यांत दोघांच्या वर कोणाला घेता येत नाही. डिसेंबरात शाळांना सुट्ट्या असतात आणि कुटुंबे जास्त असतात, तेव्हा चार माणसांच्या केबिन आधी संपतात.

माझे मत विचाराल तर चौघांनी एका केबिनमध्ये राहू नये. सोफ्याचा पलंग आणि छतातून उघडणारा वरचा पलंग हे दोन्ही मांडले की वर लिहिलेली बावीस फुटांची खोली रात्रभर चालण्याजोगी राहत नाही, आणि एकाच न्हाणीघरासमोर सकाळी चौघांची रांग लागते. त्यापेक्षा मधल्या दाराने जोडलेल्या दोन केबिन पाहा. नकाशावर दोन चौकोनांच्या मध्ये बारीक खूण असते, ती म्हणजे हे दार. या दारातून पलीकडचे बोलणे ऐकू येते, म्हणून शेजारी परके असतील तर अशी केबिन घेऊ नये. शेजारी आपलीच मुले असतील तर तो गैरसोयीचा मुद्दा उरत नाही. खर्च वाढत असेल तर आईवडिलांना बाल्कनीची केबिन आणि बोळापलीकडे समोरासमोर आपल्यासाठी आतल्या केबिन, हीही रीत चांगली आहे. क्वांटम वर्गातल्या आतल्या केबिनमध्ये भिंतीवर उंच पडदा असतो आणि त्यावर बाहेरच्या समुद्राचे थेट चित्र दिसते. नको असेल तेव्हा तो बंद करता येतो. मुलांना तो फार आवडतो. दिवसा सगळ्यांनी आजीआजोबांच्या बाल्कनीत बसावे.

नंबर नंतर मिळणारी केबिन मात्र आपण घेऊ नका. तिथे निवड पूर्णपणे कंपनीच्या हाती जाते आणि आईवडील एका टोकाला, आपण दुसऱ्या टोकाला असे होऊ शकते.

शेवटी एक करून पाहा. मी प्रत्येक क्रूझपूर्वी जमिनीवर खडूने केबिन आखतो. आपल्या खोल्या बावीस फूट लांब नसतात, म्हणून गच्चीवर जा. न्हाणीघर, कपाट, पलंग, सोफा मापाने आखा आणि आईंना त्यातून वॉकर घेऊन चालायला सांगा.

धागाकर्ता

काल संध्याकाळी ऊन उतरल्यावर गच्चीवर नऊ फूट बाय बावीस फुटांची चौकट आखली. टेप मुलांनी धरली. पलंग बाल्कनीकडे असलेली मांडणी आधी काढली. आई पलंगाच्या पायथ्याशी आली तेव्हा वॉकरचे उजवे पाय सोफ्याच्या रेषेवर पडले आणि तिला वॉकर उचलून तिरका करावा लागला. तोल जाईल म्हणून वडिलांनी पटकन हात दिला. रेषा पुसून पलंग कपाटाकडे काढला, तेव्हा ती कोणाच्या मदतीशिवाय न्हाणीघराच्या चौकोनापर्यंत गेली आणि परत आली.

आज सकाळी कंपनीला फोन केला. बाल्कनी असलेली एक सुलभ केबिन आठव्या डेकवर, मागच्या लिफ्टपासून सहाव्या दाराला शिल्लक होती. तिच्या वर आणि खाली केबिनच आहेत, हे नकाशे खिडकीवर धरून पाहिले. ती आईवडिलांसाठी धरून ठेवली आहे आणि बोळापलीकडच्या दोन आतल्या केबिन आमच्यासाठी. एजंटकडून गरजेचा अर्ज मागवून घेतला, तो आज रात्री आईसोबत बसून मीच भरणार आहे. पलंगाच्या कोणत्या बाजूला छोटे टेबल असते, एवढे तिने विचारायला सांगितले आहे, कारण रात्री पाण्याचा तांब्या तिला उजव्या हाताशी लागतो. कोणी त्या डेकवरच्या सुलभ केबिनमध्ये राहिले असेल तर कृपया कळवावे.