कॅनबेरा: बॉम्बर म्हणून बेताचं, कॅमेरा म्हणून थोर?

तिरपागडा
आपल्या हवाई दलाच्या कॅनबेरा या ब्रिटिश बॉम्बर विमानाचं नाव निघालं की सगळे सलाम ठोकायला उभे. १९५७ ला आलं, ११ मे २००७ ला आग्र्याला निवृत्त झालं, पन्नास वर्षं सेवा, वा वा! शिव्या खायच्या तयारीने लिहितो: बॉम्बर म्हणून हे विमान आपल्याकडे बेताचंच ठरलं. नाव राखलं ते कॅमेऱ्याने.

गोवा मुक्तीच्या वेळचं दाबोळी विमानतळाचंच बघा. १८ डिसेंबर १९६१. पुण्याहून बारा कॅनबेरा गेली, धावपट्टीवर ६३,००० पौंड बॉम्ब टाकले. समोर पोर्तुगीजांचं एकही लढाऊ विमान नाही. त्यानंतर दुसरी तुकडीही जाऊन आली. आणि त्याच रात्री पोर्तुगीजांनी खड्डे बुजवून दोन प्रवासी विमानं कराचीला पळवली! १९६२ च्या चीन युद्धात तर बॉम्ब टाकलेच नाहीत, फक्त अक्साई चिनचे फोटो आणले. पन्नास वर्षं टिकलं म्हणून कौतुक कसलं? बदलायला दुसरं काही नव्हतं म्हणून टिकलं.

लोहगावचा शेजारी
साफ असहमत. १९६२ ला बॉम्बफेक करायची नाही हे दिल्लीत ठरलं, त्याचं खापर विमानाच्या माथी का? दाबोळीला टर्मिनलला धक्का लावू नका असे हुकूम होते. साध्या लोखंडी बॉम्बने धावपट्टीला खड्डेच पडतात. ते बुजवायला माणसं आणि एक रात्र मिळाली तर कुणाचंही विमान असतं तरी हेच झालं असतं.

आणि काँगो सोयीस्कर विसरलात! १९६१ ला संयुक्त राष्ट्रांसाठी आपली सहा कॅनबेरा तिकडे गेली आणि डिसेंबरमध्ये कोल्वेझीच्या तळावर कटांगाची (काँगोतून फुटलेल्या प्रांताची) विमानं जमिनीवरच फोडून आली. ते काम पोटाखालच्या चार २० मिमी तोफांचं. ते काय फोटो काढून झालं?

तिरपागडा
कोल्वेझी मान्य. पण कटांगाकडे होतं काय? मूठभर विमानं. त्यावरून बॉम्बरची परीक्षा होत नाही.

नकाशेवाला
तुम्ही दोघंही मूळ मुद्दा सोडून भांडताय. ब्रिटिश अभियंता पेटर यांनी हे विमान आखलं तेव्हा त्यात बचावाची एकही बंदूक ठेवली नाही. उंची हेच त्याचं चिलखत. १३ मे १९४९ ला, शुक्रवारी, चाचणी वैमानिक बीमाँट यांनी पहिलं उड्डाण केलं. रुंद पंख, दोन एव्हन जेट इंजिनं. ४८ हजार फुटांवर आरामात फिरायचं आणि ब्रिटनच्याच मिटिऑर लढाऊ विमानांना ते गाठता यायचं नाही. अमेरिकेसारख्या देशाने परदेशी आराखडा उचलून बी-५७ म्हणून कारखान्यात घातला, उगाच नाही.

पण हे चिलखत मोजून काही वर्षंच पुरलं. एप्रिल १९५९ मध्ये, ऐन ईदच्या दिवशी, आपलं फोटो काढणारं कॅनबेरा पाकिस्तानच्या सेबर लढाऊ विमानाने रावळपिंडीजवळ पाडलं. म्हणजे आपल्याकडे येऊन दोन वर्षं होत नाहीत तोच उंचीचा भरवसा संपला. मग काम उरलं ते रात्री किंवा अगदी जमिनीलगत.

(जाता जाता: याच पेटरनी पुढे फॉलंड कंपनीत जाऊन नॅट हे छोटंसं लढाऊ विमान आखलं. आपण तेही घेतलं. माणूस एक, विमानं दोन टोकांची.)

अर्धी चड्डी पूर्ण मत
कुणी खुर्चीबद्दल का बोलत नाही? १९५९ च्या त्या फोटो विमानात दोघांनाही इजेक्शन सीट (संकटात माणसाला बाहेर फेकणारी खुर्ची) होती, दोघंही वाचले, कैद झाले. बॉम्बफेकीच्या बी(आय)५८ या कॅनबेरात मात्र ती फक्त वैमानिकाला. नॅव्हिगेटर नाकात पालथा पडून बॉम्ब टाकणार आणि वेळ आली तर सरपटत दाराशी जाऊन उडी मारणार. २१ सप्टेंबर १९६५ च्या रात्री पाकिस्तानच्या स्टारफायटर लढाऊ विमानाने आपलं कॅनबेरा पाडलं तेव्हा वैमानिक वाचला, नॅव्हिगेटर गेला. आराखड्याचं कौतुक करताना हेही लिहा की.

लोहगावचा शेजारी
बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण तारीख तीच धरू. त्याच २१ सप्टेंबरला दिवसाढवळ्या सहा कॅनबेरा पाकिस्तानातल्या बदीनच्या रडारवर गेली आणि त्यातल्या एकाने खालून रॉकेटं डागून रडार गाठलं. उंचीसाठी बनवलेल्या विमानाने जमिनीलगत केलेलं काम आहे हे. याला बेताचं म्हणायचं?

तिरपागडा
बदीन शंभर टक्के मान्य, धाडस वादातीत. पण ते माणसांचं. कारगिलमध्येही मे १९९९ ला क्षेपणास्त्र लागून एक इंजिन गेलं, तरी पोरांनी विमान परत आणून उतरवलं. त्या दिवशी पोटात काय होतं? कॅमेराच ना!

लोहगावचा शेजारी
मग ७ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानी सेबर ढाक्याकडून थेट बंगालमधल्या आपल्या कलाईकुंडा तळावर कशाला आली? उभी कॅनबेरा जाळायला. फोटोंच्या भीतीने एवढा उपद्व्याप कुणी करत नाही.