लॅसीची भूमिका पॅलच्या वंशाकडेच राहावी का?

रानवारा (धागाकर्ता)

लॅसी ही इंग्रजी कथेतली आणि पडद्यावरची कॉली (लांब केसांची मेंढपाळ जात) कुत्री, आणि पॅल हा तिचं काम करणारा पहिला कुत्रा. लॅसीचं काम पॅलच्या वंशातल्या कुत्र्यानेच करावं, असा आग्रह अमेरिकेतले तिचे चाहते कित्येक वर्षं धरत आले आहेत. हक्क विकत घेतलेल्या मंडळींनी वंशाबाहेरचा कॉली पुढे आणला तेव्हा त्यांनी जाहीर विरोध केला. बऱ्याच जणांना हा भाबडेपणा वाटतो. मला हा आग्रह रास्त वाटतो. का, ते सांगतो.

एरिक नाइट यांची लॅसीची कथा १९३८ मध्ये आली, कादंबरी १९४० मध्ये आणि एमजीएम या चित्रपट कंपनीचा 'लॅसी कम होम' हा चित्रपट १९४३ मध्ये. पॅल हा नर कॉली रुड वेदरवॅक्स या प्रशिक्षकाकडे आला तो मोटरसायकलींमागे धावायची खोड मोडण्यासाठी. मालकाने दहा डॉलरांची थकलेली फी देण्याऐवजी कुत्राच त्याच्याकडे सोडला. कपाळावर पांढरा पट्टा आणि मोठे डोळे, त्यामुळे प्रदर्शनवाल्यांच्या लेखी तो दुय्यम. लॅसीच्या निवडीतही आधी नापासच झाला होता. निवड झाली होती एका देखण्या मादीची. मग सॅन होआकिन नदीला पूर आला आणि त्या पाण्यात दृश्य टिपायचं ठरलं. पॅल पोहून काठावर आला, अंग न झटकता, शेपूट पाडून सरपटत पुढे गेला आणि थकून पडला. कुत्रा पाण्याबाहेर आला की पहिल्यांदा अंग झटकतो, हे ज्याने पाहिलंय त्याला कळेल की त्या एका गोष्टीमागे किती मेहनत असेल. भूमिका पॅलला मिळाली.

पुढे १९५१ पर्यंत त्याने एमजीएमचे सात चित्रपट केले. १९५४ मध्ये दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली ती १९७३ पर्यंत चालली, आणि त्यात पॅलचा मुलगा लॅसी ज्युनियर, मग स्पूक, बेबी, मायर, 'हे हे' असे एकामागून एक त्याच वंशातले कुत्रे आले. १९८५ मध्ये रुड गेले, काम मुलाने, रॉबर्टने चालवलं. १९९४ च्या चित्रपटातला हॉवर्ड आठव्या पिढीतला.

मूळ मुद्दा असा. एक कुत्रा पडद्यावर असताना पुढचा घरात वाढत असला पाहिजे. पिल्लं पाहायची, धीट कोणतं ते हेरायचं, त्याला दोन-तीन वर्षं लोकांची, दिव्यांची, आवाजाची सवय लावायची. वंशाची अट असेल तर कुणाला तरी हे घर चालू ठेवावंच लागतं. अट काढली की दर चित्रपटाला भाड्याने कॉली आणायचा आणि काम संपलं की विसरायचं. २००५ च्या चित्रपटात मेसन नावाचा वंशाबाहेरचा कुत्रा होता. त्या बिचाऱ्याबद्दल काही तक्रार नाही. पण लॅसी हे नाव आता कंपन्यांच्या खरेदी-विक्रीतून फिरतं. २०१२ मध्ये हे नाव बाळगणारी क्लासिक मीडिया कंपनी ड्रीमवर्क्सने घेतली, २०१६ मध्ये ड्रीमवर्क्स एनबीसीयुनिव्हर्सलकडे गेली. कागदावरच्या नावाला जिवंत कुत्र्याशी बांधून ठेवणारा दोर आहे तो चाहत्यांच्या या हट्टाचाच.

त्रिज्या

लेख आवडला, मत पटलं नाही.

आधी गणित. दर पिढीत वंशाबाहेरची मादी आणली, तर पॅलचा वाटा निम्मा होत जातो. आठ वेळा निम्मा केला की उरतो २५६ मध्ये १. म्हणजे हॉवर्डमध्ये पॅल जवळपास नाहीच. आणि वाटा टिकवायचा म्हणून नात्यातलेच जोडे लावले, तर ते कुत्र्यांच्या तब्येतीला मारक. दोन्हीकडून 'वंश' ही गोष्ट चाहत्यांच्या मनातच जास्त आहे.

दुसरं, रिन टिन टिन या पडद्यावरच्या दुसऱ्या प्रसिद्ध कुत्र्याचं उदाहरण बघा. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये, ली डंकन या सैनिकाला फ्रान्समध्ये सापडलेलं पिल्लू. १९३२ मध्ये ते गेलं, पण नाव चालू राहिलं. १९५४ ते १९५९ च्या मालिकेत मात्र पडद्यावरचं बहुतेक काम फ्लेम ज्युनियर या, त्या वंशाशी संबंध नसलेल्या कुत्र्याने केलं. मुलांनी ती मालिका तितक्याच प्रेमाने पाहिली. प्रेक्षकाला फरक जाणवत नसेल, तर आपण नेमकं काय राखतोय?

सूरपेटी

त्रिज्या, तुमच्या गणिताला मी आपल्याकडची एक गोष्ट जोडते. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर दरबारी आले. त्यांची गायकी मंजी खाँ, भुर्जी खाँ या मुलांकडे गेलीच. पण आज जयपूर-अत्रौली म्हटल्यावर आधी कोण आठवतं? केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर. दोघी गोव्याच्या, खाँसाहेबांशी रक्ताचा संबंध शून्य. मोगूबाईंकडून ती किशोरीताईंकडे गेली. घराणं टिकलं ते तालमीमुळे.

म्हणून मला चाहत्यांची मागणी अर्धीच बरोबर वाटते. राखायची असेल तर वेदरवॅक्स यांची शिकवण्याची रीत राखा. ती शिकलेला माणूस कुठल्याही चांगल्या कॉलीला लॅसी करू शकेल. वंशाचा आग्रह धरून आपण चुकीच्या गोष्टीला कवटाळतोय.

गोठा_ते_दवाखाना

मी नाशिक भागात जनावरांचा दवाखाना चालवतो, म्हणून या बाजूने बोलतो.

कॉलींमध्ये एमडीआर-१ नावाचा जनुकीय दोष फार आढळतो. अमेरिकेतल्या सुमारे ७० टक्के कॉलींमध्ये त्याची निदान एक प्रत असते. त्यामुळे काही औषधं मेंदूत शिरायची थांबत नाहीत. आपल्याकडे खरजेवर किंवा गोचिडांवर सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन अशा कुत्र्याला जास्त मात्रेत दिलं, तर तो झोकांड्या खातो, आंधळा होऊ शकतो, बेशुद्ध पडून मरूही शकतो. शिवाय या जातीत डोळ्याच्या पडद्याचा जन्मजात दोषही भरपूर. अशा जातीत 'हाच वंश, हीच खूण, हाच पांढरा पट्टा' म्हणत पैदास करायची, म्हणजे निवडीचं दार आणखी अरुंद करायचं. कपाळावरचा पट्टा पाहून पिल्लू निवडलं आणि डोळे तपासलेच नाहीत, तर त्याची किंमत चाहते मोजणार नाहीत, ते पिल्लू मोजणार.

पॅल स्वतः प्रदर्शनवाल्यांच्या नजरेत नापास होता, हे धागाकर्त्यानेच लिहिलंय. त्या वेळी मापावर बोट ठेवलं असतं, तर पॅल आलाच नसता. आता त्याच पॅलला आपण माप बनवतोय.

रानवारा

सूरपेटीताई, दाखला चांगला दिलात, पण केसरबाई वर्षानुवर्षं खाँसाहेबांसमोर बसल्या होत्या. हक्क घेतलेल्या कंपनीने त्या प्रशिक्षकाच्या घराचा उंबराही न ओलांडता दुसरा कॉली आणला, तर त्यात तालीम कुठे आली? वंशाची अट नुसती रक्तासाठी नाही. ती अट असली की त्या घराकडे जावंच लागतं.

आणि नुसतं रक्त पुरत नाही, हे त्या घरालाही ठाऊक होतं. लॅसी ज्युनियरला १९५९ मध्ये कर्करोग झाला, बेबी अजून तयार नव्हता, म्हणून घाईने स्पूकला उभं केलं. तोही पॅलचाच नातू. पण वरचा एक दिवा त्याच्याजवळ कोसळला आणि त्यानंतर सेटवर तो कायम बिचकायचा. बेबी तयार होताच त्याला बाजूला केलं. बेबीने १९६६ पर्यंत काम केलं. रक्त तेच, पण तयारीला वेळ मिळाला नाही की काय होतं, ते तिथे दिसलं. म्हणूनच मी म्हणतो की वंश, घर आणि वेळ हे तीनही एकत्र लागतात. कंपनीला पहिला तुकडा नको झाला की बाकीचे दोन आपोआप जातात.

डॉक्टर, तुमचा मुद्दा गंभीर आहे. पण जनुकांची तपासणी करून, बाहेरच्या निरोगी माद्या आणून वंश चालवता येतो. त्रिज्या म्हणतात तसा वाटा कमी झाला तर होऊ दे. मला वाटा टिकवायचा नाही, साखळी टिकवायची आहे.

सांगलीकर

थोडक्यात लिहितो. प्रसिद्ध प्राण्यामुळे त्या जातीचं काय होतं, हे कुणी बोललंच नाही. 'लॅसी कम होम'नंतरच्या दोन वर्षांत अमेरिकेत कॉलींच्या नोंदण्या ४० टक्क्यांनी वाढल्या, असं २०१४ च्या एका अभ्यासात आहे. आपल्याकडे २००३ मध्ये हचच्या जाहिरातीतल्या पगने तेच केलं. घराघरात पग आले, आणि चपट्या नाकामुळे उन्हाळ्यात धापा टाकणारे पग आजही दिसतात. परंपरा जपायच्या मोहिमेने पुन्हा कॉलींची लाट आणली तर? विदर्भाच्या उन्हात त्या दाट केसांत कॉली पाहिलाय का कुणी? मला त्यापेक्षा चित्रपटवाल्यांनी प्राणी संगणकावर बनवलेले परवडतील.

दूरदेशी

सांगलीकर, लाटेला विरोध मान्य. पण संगणकावरचा कुत्रा? पुराच्या पाण्यातून बाहेर आलेल्या पॅलचं अंग थरथरतं, कान ओले होऊन चिकटतात, ते बघून आजही घशात दाटतं. तो चित्रपट १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत घेतला गेला. तसा जिवंतपणा उद्या कुठलं यंत्र देईलही कदाचित, पण त्यामागे कुत्र्यावर जीव टाकणारा माणूस असणार नाही.

मी न्यू जर्सीत राहते, माझ्या मुलीला ही मालिका जुन्या भागांमधून भेटली. तिला पहिला प्रश्न पडला, लॅसी मुलगी आहे तर तिचं काम मुलगे का करतात? उत्तर साधं आहे. मादीचे केस माजानंतर आणि पिल्लांनंतर गळतात, नराची झूल जास्त काळ भरगच्च राहते. शिवाय नर मोठा असल्याने बालकलाकार त्याच्याशेजारी लहानच दिसतो. हे शहाणपण वर्षानुवर्षं कुत्र्यांबरोबर राहिल्याशिवाय येत नाही. मी रानवारांच्या बाजूने आहे.

गोठा_ते_दवाखाना

रानवारा, मग चाहत्यांनी मोहिमेत एक कलम घालावं. वंशावळ खुली करा, प्रत्येक कुत्र्याची डोळ्यांची आणि एमडीआर-१ ची तपासणी जाहीर करा, आणि कपाळाच्या पट्ट्यावर पिल्लू निवडणार नाही असं लिहून द्या. हे झालं तर माझा विरोध मावळेल. नाहीतर तुम्ही पॅलच्या नावाने त्याच्या पणतवंडांना आजार देताय.

रानवारा

पट्ट्याची अट मला मान्य नाही. पॅलला तोंडवळ्यानेच लोकांनी ओळखलं, आणि पट्ट्याने कुत्र्याला काही त्रास होत नाही. बाकी दोन्ही अटी मी आजच लिहून द्यायला तयार आहे. मोहिमेत त्या असायलाच हव्यात.

त्रिज्या

पट्टा राखायचा, जनुकं तपासायची आणि रक्ताचा वाटा कितीही कमी झाला तरी चालेल, असं असेल तर वंशाबाहेरच्या, तपासलेल्या, त्याच तोंडवळ्याच्या कॉलीला त्याच प्रशिक्षकाकडे का पाठवू नये? याचं उत्तर रानवारांनी अजून दिलेलं नाही. ते मिळेपर्यंत माझा विरोध कायम.