इन्व्हेस्टमेंट बँकिंगसाठी (आयबी) फायनान्समध्ये मास्टर्स कुठून करू?

नाचणेकर: नमस्कार मंडळी, रत्नागिरीतून बीकॉम झालंय, सीएफएची (फायनान्सची परीक्षा) लेव्हल वन निघाली, आता आयबीत जायचंय म्हणजे एम अँड ए (कंपन्यांची खरेदी-विक्री, विलीनीकरण), बॅक ऑफिसचं ऑपरेशन्स नको. यूकेचं एक वर्षाचं एमएससी फायनान्स करू, फायनान्शियल इंजिनिअरिंग करू की इथेच सीईटी देऊन मुंबईच्या जमनालाल बजाजला एमएमएस (एमबीएसारखाच कोर्स)? बाबा म्हणतायत पैशाचं होईल, हापूसची बाग तारण ठेवू. रँकिंग बघून बघून डोकं फिरलंय.

चिपळूण_टू_ठाणे: फायनान्शियल इंजिनिअरिंग आधी काढ यादीतून. त्यात स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस, कोडिंग, डेरिव्हेटिव्ह्जचं प्रायसिंग, ते ट्रेडिंग नि रिस्कवाल्यांचं. एम अँड एमध्ये एक्सेलवर तीन स्टेटमेंट्स जोडायची, डीसीएफ नि कॉम्प्स लावून कंपनीची किंमत काढायची, आणि रात्री दोनला पिचबुकातला (क्लायंटला दाखवायचं प्रेझेंटेशन) फॉन्ट सारखा करत बसायचं, त्याला एवढं गणित लागत नाही. रँकिंग सोड, लिंक्डइनवर त्या कोर्सच्या मागच्या दोन बॅचेस शोध आणि पोरं कुठल्या टीमला लागली ते बघ, नुसतं बँकेचं नाव नको, कारण नाव मोठं असतं नि काम निघतं ट्रेड सेटलमेंट नाहीतर केवायसीचं. मुंबई-पुण्यात असल्या नोकऱ्या ढिगाने आहेत, क्लासवाले त्यालाच इन्व्हेस्टमेंट बँकिंग म्हणून विकतात.

दापोलीची_पोर: यूकेला जायचं तर तारखा बघ आधी. कोर्स सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतो आणि पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपचे अर्ज बऱ्याच बँकांत त्याआधीच उघडतात, जसे येतील तशा जागा भरत जातात, म्हणजे सीव्ही नि ऑनलाइन टेस्टची तयारी इथूनच करून निघायचं, तिकडे जाऊन सेटल होतो मग बघतो म्हणालास तर वर्ष गेलंच. वर ग्रॅज्युएट व्हिसा (शिकून झाल्यावर तिकडे राहून नोकरी करायला मिळतो तो), १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना २ वर्षांऐवजी १८ महिनेच. एलएसई, एलबीएस, ऑक्सफर्ड, इंपीरियल यातलं काही मिळालं तर डोळे झाकून जा, नुसतं फॉरेन रिटर्न व्हायला एवढा खर्च मी तरी करणार नाही.

देवगडवालो: मेल्या, बागेचं आधी ऐक. शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत, सरफेसी कायदा (कोर्टात न जाता तारण विकून वसुली करायचा) शेतजमिनीला लागू नाही ना, मग वसुली करायची कशी. त्यांना एनए (बिगरशेती) प्लॉट, घर, फ्लॅट नाहीतर एफडी लागते. आणि सातबारावर चुलते, आत्या, मुंबईकर सगळेच असणार, सह्या गोळा करीपर्यंत इनटेक जायचा.

नाचणेकर: आहेत ना, अकरा नावं आहेत 😅 घर गावठाणात आहे, ते चालेल का?

देवगडवालो: मालकीचे कागद घेऊन ब्रँचला जा, त्यांचा वकील सर्च रिपोर्ट काढतो, तोच ठरवील. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, ती घेऊन जाऊ नको नुसती.

चिपळूण_टू_ठाणे: आणि तोवर सीईटीचा फॉर्म भर. जमनालालची फी यूकेच्या खर्चापुढे किरकोळ आहे, आयपीओ नि डील्स करणाऱ्या बहुतेक मर्चंट बँकाही मुंबईतच आहेत, चर्चगेटला कॉलेज म्हटल्यावर इंटर्नशिपला धावपळ कमी. पण मुंबईत भाड्याने राहायचं बजेट वेगळं धर.