सीपीएचा अभ्यास आत्ताच सुरू करू की नोकरी लागल्यावर?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मला अमेरिकेतली सीपीए (सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट, म्हणजे तिथल्या सीएसारखी) परीक्षा द्यायची आहे. पदवीचं शेवटचं सत्र चालू आहे, चार महिन्यांनी ऑडिटच्या नोकरीवर रुजू व्हायचंय. चार पेपर, प्रत्येक चार तासांचा, पासिंग ७५. २०२४ पासून तीन पेपर सगळ्यांना सारखे आणि चौथा आपल्या पसंतीचा, एवढं वाचून झालंय. घोडं अडलंय ते सुरुवात कधी करायची यावर.

एक पेपर पास झाला की उरलेल्यांसाठी मुदत मोजायला लागते, म्हणून घाई नको वाटते. पण ऑडिटच्या नोकरीत जानेवारी ते एप्रिल मान वर करायलाही फुरसत नसते, असं सिनियर सांगतात.

काल रात्री लीजचा (भाडेकराराच्या हिशेबाचा) एक प्रश्न सोडवायला घेतला. वर्गात तोंडपाठ असलेली नोंद तासभर जुळेना! पहिला हप्ता करार सुरू होतानाच भरलाय, हेच वर्तमान मूल्य काढताना विसरले होते. तेव्हापासून जीव धास्तावलाय. एफएआर (फायनान्शियल अकाउंटिंग अँड रिपोर्टिंग) हा पेपर सगळ्यात अवाढव्य, तो आधी उरकावा असं मला वाटतं.

नोकरी सांभाळून ज्यांनी परीक्षा दिली, त्यांनी रुजू होण्याच्या किती आधी अभ्यासाला हात घातला? रोज किती तास जमले? आणि पहिला पेपर कोणता घेतलात? कृपया सविस्तर सांगा.