कुणी पाहिलंच नाही, तर ऑनर कमी कसा होतो?

तिरका_फासा
डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत पात्रांच्या भूमिका वठवायचा खेळ, पाचवी आवृत्ती, चार खेळाडू, डीएम (गोष्ट चालवणारा, नियम लावणारा) मी. घराणी, शपथा, सरदारक्या असा सगळा मामला आहे म्हणून २०१४च्या डंजन मास्टर्स गाइड या नियमांच्या पुस्तकातला ऑनर (इमान, इज्जत) हा पात्राच्या नेहमीच्या सहा गुणांखेरीजचा सातवा गुण घेतला. गुणांना वाटून द्यायच्या ठरलेल्या सहा आकड्यांत नियमाप्रमाणे एक ११ वाढवून दिला. नाइटने (सरदार योद्ध्याचं पात्र) ऑनरवर १४ लावले. रोगने (चोर-ठगाचं पात्र) आपले ८ टाकायला जागा मिळाली म्हणून आनंदाने तिथे टाकले.

मागच्या सेशनला पुलावर टोळीच्या म्होरक्याने तलवार खाली ठेवली. नाइटने शब्द दिला, "सकाळपर्यंत तुझ्या केसाला धक्का लागणार नाही." रात्री पहाराही त्याचाच. रोग म्हणाला, मी सुरा काढतो. मी नाइटकडे बघितलं. तो म्हणाला, "मी शेकोटीत लाकडं सारतोय."

म्होरक्या झोपेतच गेला. मी तिथल्या तिथे १४चे १३ केले, म्हणजे फाशात मिळवायचा बोनसही +२चा +१. नाइट भडकला. "पाहिलं कुणी? मेलेला सांगायला येणार आहे का?" खरं सांगायचं तर मला उत्तर सुचलं नाही. वर आता सगळेच प्रत्येक गोष्टीआधी विचारतात, "याचे किती कापणार?" वसुलीला बसल्यासारखं वाटतंय. हा नियम ठेवू की काढू?

गुहेतला_दिवा
काढ. ज्याला भूमिका जगता येते त्याला आकडा लागत नाही, आणि ज्याला येत नाही त्याला आकडा शिकवत नाही. आम्ही दोन सेशनांत गुंडाळला होता.

सातवी_पायरी
काढू नकोस. तुझ्या नाइटने विचारलेला प्रश्न सोळा आणे खरा आहे, फक्त तो ऑनरला विचारून उपयोग नाही.

आपल्याकडे बघ, अब्रू वेगळी आणि शब्दाला जागणं वेगळं. अब्रू चारचौघांत जाते, त्यासाठी कुणीतरी बघावं लागतं. शब्द मात्र अंधारातही मोडतो. इंग्रजीत दोन्हीला ऑनर म्हणून मोकळे होतात आणि टेबलावर भांडणं लागतात. १९९७च्या लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्स या खेळात म्हणूनच ऑनर आणि ग्लोरी असे दोन आकडे आहेत. ग्लोरी म्हणजे लोकांत असलेलं नाव. त्या रात्री तुझ्या नाइटची ग्लोरी तसूभरही हलली नसती. ऑनर हलला असता. तू एकाच खणात दोन्ही कोंबलेस.

१९८५च्या पेंड्रॅगन या खेळातली गोष्ट मला त्याहून आवडते. तिथे स्वभावाच्या जोड्या असतात, शूर आणि भित्रा मिळून २०. एक चढला की दुसरा उतरतो. ऑनर तिथे पॅशन, म्हणजे तीव्र भावना आहे, वीस बाजूंच्या फाशावर तेवढा किंवा त्याखाली आकडा पाडायचा. म्हणजे तो तुमचं वागणं मोजत बसत नाही, ऐन वेळी तुम्हाला ओढतो. शेकोटीत लाकडं सारताना तू त्याला फासा टाकायला लावला असतास तर? पडला असता तर हात आपोआप तलवारीकडे गेला असता. नसता पडला, तर नजर फिरवली हे त्याच्याच फाशाने सांगितलं असतं, तू नाही.

बाकी तुझी चूक बारीक आहे. पुस्तकात ऑनर १ने वरखाली करायचा तो साहस संपल्यावर, सुरा अजून ओला असताना नाही. आणि "हे केलं तर ऑनर जाईल का" हे विचारणं गैर नाहीच, ऑनर चेक, म्हणजे ऑनरवर फासा टाकून बघणं, त्याचसाठी आहे. फासा टाकायला लाव. लागला तर सांग, नाहीतर "तुला नीट कळत नाहीये" म्हण. आपोआप कमी विचारतील.

आणि ऑनरने काहीतरी विकतही घेता आलं पाहिजे! आमच्या टेबलावर वेढ्यातल्या गडाचा दरवाजा एकदा नुसत्या शब्दावर उघडला. ओलीस मागितला नाही, तारण मागितलं नाही, कारण समोर १६ ऑनरवाली होती. मग तो शब्द पाळताना पुढची तीन सेशन आमची अशी फरफट झाली की विचारू नकोस. नुसतं कापत राहिलास तर तो दंडच वाटणार.

शेवटची_ढाल
मी नाइटच्या बाजूचा. माझ्या डीएमने एकदा मुलाला वाचवायला खोटं बोललो म्हणून दोन पॉइंट कापले. माझ्या कॅरेक्टरच्या घराण्यात "आश्रिताला आधी" हेच पहिलं कलम होतं, पण डीएमच्या डोक्यात भलतीच संहिता. कुठे लिहिलेलीच नव्हती. तेव्हापासून मी खेळायच्या आधी चार ओळी लिहून देतो, काय केलं तर मी मला तोंड दाखवणार नाही. त्यातली मोडली तरच काप. तुझ्या नाइटने काही लिहून दिलं होतं का?

तिरका_फासा
नव्हतं दिलं. ती चूक माझीच, मी मागितलंच नव्हतं.

काल खेळलो. सुरुवातीलाच १३चे परत १४ केले आणि म्हटलं, साहस संपेपर्यंत मी हात लावत नाही, तोवर आपापल्या चार ओळी लिहा. ग्लोरीसाठी पात्राच्या शीटच्या कोपऱ्यात वेगळा चौकोन आखला. नाइटने बराच वेळ पेन्सिल चावली. त्याची दुसरी ओळ होती, "शरण आलेल्याचा पहारा मी स्वतः करीन." लिहून झाल्यावर तो तिच्याकडे बघत राहिला आणि कुणी काही न बोलता त्याने १४ खोडून १२ केले. मी एकच कापला होता.

रोगने चार ओळींच्या जागी एकच लिहिली आहे, "पकडला जाणार नाही." ही संहिता धरायची का, यावर आता भांडण चालू आहे.