आजोबांच्या जलरंगांच्या प्रती काढायच्यात : डाय की पिगमेंट?

मंगळवारपेठेची लेक

नमस्कार मंडळी. आमचे आजोबा शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. त्यांची जलरंगातली निसर्गचित्रं घरी जपून ठेवलीत. रंकाळ्यातला संध्यामठ, पन्हाळ्याचा तीन दरवाजा, जोतिबाचा डोंगर. मूळ चित्रं बाबांकडं राहतील, पण दोन्ही आत्यांना आणि काकांना भिंतीवर लावायला प्रती हव्यात, ए३ आकारात.

एका दुकानदारानं चकचकीत फोटोपेपरवर नमुना काढून दिला. रंग असे उठून आले की थोरल्या आत्या बघतच राहिल्या. दुसऱ्या ठिकाणी तोच नमुना दाखवला तर ते म्हणाले, ही डाय इंक आहे, उडणार, पिगमेंटवर काढा. पण त्यांचा दर जवळजवळ दुप्पट. पहिले म्हणतात, दोन्ही सारखंच. खरं काय? आणि घरीच प्रिंटर घेतला तर जमेल का?

चितारी

ताई, सारखं नाही. शिवाजी पेठेत मी चित्रकारांच्या प्रती काढायचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डाय इंकमध्ये रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो. कागदावर पडला की तो वरच्या थरात मुरतो आणि रंगाचा रेणू न् रेणू सुटा राहतो. ऊन असो, हवेतला ओझोन असो, थेट त्या रेणूवर घाव घालतो. पिगमेंटमध्ये रंग विरघळत नाही, त्याचे घन कण द्रवात तरंगत असतात. कण अतिशय बारीक, साधारण 100 नॅनोमीटरच्या आसपास, आणि बहुधा त्यांच्यावर राळेसारख्या पॉलिमरचं आवरण असतं. एका कणात असंख्य रेणू. बाहेरचे झिजले तरी आतले शाबूत राहतात, म्हणून रंग टिकतो.

आता तुमच्या आजोबांच्या रंगपेटीकडे बघा. जलरंग म्हणजे डिंकात घोटलेलं पिगमेंटच. बर्न्ट सिएना ही लोहाची माती भाजून केलेली, कोबाल्ट ब्लू हे धातूचं संयुग. संध्यामठाचा दगड आणि मागचं आभाळ आजही तसंच दिसत असेल, तर ते या कणांमुळं. अशा चित्राची प्रत डायमध्ये काढून उजेडाच्या भिंतीवर लावली, तर मूळ चित्र ठणठणीत असताना प्रत फिकी पडेल. मला हे मनापासून खटकतं. आत्यांच्या घरी मूळ चित्र नसणार. त्यांच्या नातवंडांना आजोबांचा हात कळणार तो या प्रतीवरूनच.

चकचकीत कागदाचंही तेच. जलरंगाला चकाकी नसते. आजोबांनी धुवट, पातळ रंग लावून धुकं उभं केलं असेल, ते ग्लॉसीवर झगझगीत होतं आणि चित्राचा जीव जातो. मॅट कागद घ्या, जमलं तर शंभर टक्के कापसाचा. हानेम्यूले या जर्मन कंपनीचा फोटो रॅग नावाचा कागद 308 जीएसएमचा (चौरस मीटरला 308 ग्रॅम) येतो, हातात घेतला की जलरंगाच्या कागदाची आठवण होते. महाग आहे, पण अशाच कामासाठी आहे. एक मात्र विचारा, कागदात पांढरेपणासाठी ऑप्टिकल ब्राइटनर घातलाय का? तो कालांतरानं निकामी होतो आणि कागद पिवळट दिसायला लागतो. इंक टिकून कागदानं दगा दिला तर काय उपयोग?

ओझोनचं उगाच सांगत नाही. 2000 साली एप्सनचे स्टायलस फोटो 870 आणि 1270 हे डायचे प्रिंटर आले. काही लोकांच्या प्रिंट थोड्याच दिवसांत नारिंगी पडू लागल्या. ऊन नसलेल्या खोलीतसुद्धा. निळा रंग ओझोननं खाल्ला होता. त्याच वर्षी त्यांनी पिगमेंटचा 2000पी आणला.

राजारामपुरी फोटो

चितारींच्या म्हणण्याला माझी हरकत नाही, पण डाय म्हणजे कच्चा रंग असं सरसकट कुणी समजू नये. माझा स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे फोटो यांना मी डायच वापरतो आणि छातीठोकपणे वापरतो. ग्लॉसी कागदावर शालूचा लाल आणि दागिन्यांची झळाळी डायमध्ये जशी येते तशी पिगमेंटमध्ये सहज येत नाही. पिगमेंट कागदाच्या वर बसतं, त्यामुळं तिरकं बघितलं की गडद भागावर तांबूस झाक दिसते, चकाकीही कमीजास्त होते. त्यासाठी काही महाग प्रिंटरमध्ये वरून पारदर्शक थर देणारी वेगळी टाकी असते, कॅननच्या प्रो-300 मध्ये आहे तशी.

शिवाय अल्बम मिटलेला असतो, कपाटात असतो, त्याला ऊन कुठलं? एप्सनची क्लारिया, कॅननची क्रोमालाइफ या डाय इंक जुन्यांपेक्षा पुष्कळ सुधारल्यात. त्यातही काचेमागं लावलेली प्रिंट उघड्या प्रिंटच्या कितीतरी पट टिकते, कारण हवाच लागत नाही.

चितारी

अल्बमबद्दल शंभर टक्के मान्य. ताईंचं काम भिंतीवरचं आणि मॅटवरचं आहे, म्हणून मी पिगमेंट म्हणतोय.

काचेचा विषय निघालाच आहे तर, प्रिंट काचेला चिकटवून फ्रेम करू देऊ नका. मध्ये माउंट बोर्डाची (जाड पुठ्ठ्याची) चौकट हवी, तीही आम्लरहित. आपल्याकडं जूनपासून भिंतींना ओल येते, काचेला टेकलेली प्रिंट तिला कायमची चिकटते. छापल्यावर निदान एक दिवस उघडी सुकू द्या, नाहीतर इंकमधली वाफ काचेवर आतून धुरकट थर धरते.

हेड क्लीनिंग

घरी प्रिंटर घ्यायचा प्रश्न राहिला की ताई. मी दुरुस्ती करतो, म्हणून रोखठोक सांगतो : एवढ्या कामासाठी घेऊ नका. पिगमेंट प्रिंटर वापरात पाहिजे. पडून राहिला की कण खाली बसत्यात, नोझलमध्ये, म्हणजे शाई फवारणाऱ्या बारीक भोकांत वाळत्यात, मग हेड (ही भोकं असलेला भाग) साफ करण्यातच निम्मी इंक जातीय. हेडच गेलं तर दुरुस्तीपेक्षा नवीन प्रिंटर परवडतोय.

घरात टाकीवाला प्रिंटर असेल तर बाटलीवर बघा. एप्सनचा एल3250 घेतला तर चारही रंग डाय. कॅननच्या जी3010 मध्ये काळा पिगमेंट आणि बाकी तीन डाय. काळा पिगमेंट बघून लोकांना वाटतंय फोटो पण पक्का निघणार. पण तो काळा साध्या कागदावरच्या मजकुरासाठी हाय, फोटोपेपरवर काळा तीन रंग मिसळूनच होतोय.

आणि हात जोडून सांगतो, डायच्या प्रिंटरमध्ये स्वस्तातलं पिगमेंट भरू नका. रंगाचं प्रोफाइल, म्हणजे त्या इंकसाठी ठरवलेलं रंगांचं गणित, जुळत नाही आणि हेड चोंदतंय. कप आणि टी-शर्टवाली सब्लिमेशन इंक तर साफ वेगळी, ती गरम करून पॉलिएस्टरमध्ये उतरवायची असतीय. कागदावर ती मळकट दिसतीय.

मंगळवारपेठेची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी प्रिंटर नको हे पक्कं झालं. पिगमेंट आणि मॅट असं आत्यांनाही समजावलं, धाकट्या आत्या लगेच तयार झाल्या. फक्त दुकानदार पिगमेंट म्हणून डायच देणार नाही, हे कसं ओळखायचं? आणि मूळ चित्रं दुकानात ठेवून यायला बाबा तयार नाहीत.

चितारी

बाबांचं बरोबर आहे. फ्लॅटबेड, म्हणजे काचेवर चित्र पालथं ठेवायच्या स्कॅनरवर तुमच्यासमोर स्कॅन करून घ्या. कागद ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये जलरंगाचं चित्र कधीच घालू देऊ नका. चित्र ए४ पेक्षा मोठं असेल तर दोन भागांत स्कॅन करून जोडता येतं. मूळ आकारातच छापायचं तर 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) पुरतं, मोठं करायचं असेल तर 600 घ्या. फाइल टिफ (TIFF) प्रकारात मागा आणि एक प्रत तुमच्याकडं ठेवा.

ओळखण्यासाठी आधी प्रिंटरचं मॉडेल विचारा. एप्सनचे पी700, पी900 किंवा कॅननचा प्रो-300 असेल तर मूळ इंक पिगमेंटच असते. कॅननचा प्रो-200 दिसायला तसाच, पण डायचा, तेवढं लक्षात ठेवा. तरी शंका राहिली तर साध्या झेरॉक्स कागदावर रंगीत पट्टी छापून मागा, सुकू द्या आणि ओलं बोट फिरवा. डाय पसरते, पिगमेंट बहुतेक जागचं हलत नाही. ही परीक्षा फोटोपेपरवर करू नका, त्याचा थर डायलाही धरून ठेवतो आणि फसगत होते.

वेळ असेल तर दोन्हीकडच्या नमुन्यांची एकेक पट्टी अर्धी काळ्या जाड कागदानं झाकून उन्हाच्या खिडकीत लावा. महिन्या-दोन महिन्यांनी कागद काढून झाकलेला आणि उघडा भाग शेजारी शेजारी बघा. थोरल्या आत्यांनाही दाखवा.